तेलाच्या बोळ्याला तीनशे मते

दिनांक १७ मार्च, सोमवार. नोंद अशी की, या दिवशी सकाळी लाकूडकामाविषयीच्या एका मोठ्या आणि नावाजलेल्या चर्चामंचावर, पॉलिशचे काम करणाऱ्या एका बाईंचे खाते पंधरवड्यासाठी गोठवण्यात आले आणि त्यांच्या नावावर जमा असलेले बहुतेक सर्व गुण काढून घेण्यात आले. कारण म्हणून एकच वाक्य कळवण्यात आले: ‘संशयास्पद मतदान आढळले.’ आधी विचारणा नाही, म्हणणे मांडण्याची संधी नाही, निर्णयाखाली कोणाची सही नाही. सही असणार तरी कशी? निर्णय यंत्राने घेतला होता. मंचावर माणसे हजारोंनी आहेत. जबाबदारी घ्यायची वेळ आली की मात्र तिथे यंत्रच सापडते.

गुण गेले म्हणून कोणाच्या घरची चूल विझत नाही, हे मान्य आहे. परंतु हे गुण ज्या एका कामासाठी जमवले जात होते ते काम अजून राहिले आहे, आणि ते राहिल्यामुळे कोणाचे तरी दुकान जळू शकते. म्हणून ही हकीकत पहिल्यापासून सांगणे भाग आहे.

गल्लीच्या टोकाला, सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून, पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत या बाईचा थोरला भाऊ सुतारकाम करतो, मागच्या खोलीत ती पॉलिश करते. मध्ये दार आहे, दारावर जाड पडदा आहे, आणि त्या पडद्याखालून भावाकडचा भुसा बहिणीकडे येता कामा नये यावरून त्या दोघांत जितके वाजले असेल तितके वाटण्यांवरूनही भावंडांत वाजत नसेल. संसार मोडल्यावर ती भावाच्या आश्रयाला आली, असा गल्लीचा समज आहे. वस्तुस्थिती अशी की जागा तिच्या नावावर आहे आणि आश्रयाला आहे ते भावाचे करवतीचे यंत्र. हा समज तिने कधी खोडून काढला नाही. ‘दादाला बरं वाटतं,’ एवढेच ती म्हणते.

गल्लीत तिला पॉलिशताई म्हणतात. अंतर्गत सजावटीची पदविका घेऊन ती एका कचेरीत नकाशे काढत असे. एकदा कचेरीतले जुने कपाट पॉलिश करायला एक म्हातारा कारागीर आला. हातातल्या कापडाच्या बोळ्याने तो लाखेचे पातळ थर एकावर एक चढवत होता, आणि मेलेल्या लाकडाला हळूहळू रंग येत होता. ती त्याच्या मागे बघत उभी राहिली ती पुन्हा खुर्चीवर बसलीच नाही. स्वभावाने हट्टी. ओल्या पॉलिशला बोट लावून ‘वाळलं का हो?’ असे विचारणारे गिऱ्हाईक तिला खपत नाही. ‘वाळलं की नाही ते मला विचारा, त्याला नका विचारू,’ असे ती तोंडावर सुनावते, आणि बोटाचा ठसा पुसण्यासाठी पुन्हा पहिल्या थरापासून सुरुवात करते.

तिची आणखी एक सवय होती. दिवसाचे काम संपले की तेलाचे सगळे बोळे उलगडून ती मागच्या अंगणातल्या तारेवर एकेक वेगळा, धुतल्या रुमालासारखा पसरत असे. दादाला या सवयीची गंमत वाटे. ‘आमच्याकडे चिंध्यांनासुद्धा शिस्त आहे,’ असे तो आल्यागेल्याला सांगे.

मागच्या उन्हाळ्यात ती आजारी मावशीजवळ राहायला गेली होती. एका गिऱ्हाईकाचे जेवणाचे टेबल द्यायचे होते, घाई होती, म्हणून त्याला जवसाचे तेल लावण्याचे काम दादाने स्वतःच उरकले. तेल लावून झाले, हातात चिंब झालेले बोळे उरले. त्यांचे करायचे काय? त्याने मोबाइल काढला आणि त्या चर्चामंचावर शोधले. नेमका तोच प्रश्न तिथे कोणीतरी विचारलेला होता, आणि सर्वांत वरचे उत्तर ‘वाकस’ या नावाच्या सभासदाचे होते. वाकस हे लाकूड तासायचे हत्यार. या गृहस्थांनी मंचापुरते ते आपले नाव केले होते. त्यांनी लिहिले होते: ‘बोळे फेकू नयेत. घट्ट गोळा करून झाकणाच्या खोक्यात ठेवावेत. ओलसर राहतात, पुन्हा वापरता येतात.’ शेजारी हिरवी खूण, म्हणजे विचारणाऱ्याने हेच उत्तर स्वीकारले होते. वर जाणाऱ्या बाणाखाली तीनशेच्या वर मते. दादाने पुठ्ठ्याचे खोके शोधले, बोळे कोंबले, झाकण लावले, खोके टेबलाखाली सरकवले आणि पत्रा तापलेल्या त्या खोलीला कुलूप लावून तो जेवायला घरी गेला.

योगायोगाने ती त्याच दुपारी परतली. कुलूप काढताच तिला वास आला, कढईतले तेल करपावे तसा, पण त्याहून उग्र. टेबलाखाली पाहिले तर खोक्याचे झाकण तपकिरी पडले होते आणि कडेतून धुराची बारीक रेघ निघत होती. तिने फावड्याने खोके अंगणाकडे ओढायला घेतले. झाकण उडाले, आत हवा शिरली आणि टेबलाच्या पायापाशीच भडका उठला; तसेच पेटते खोके तिने अंगणात ढकलले आणि पाणी ओतले. दादा आणि वहिनी आले तेव्हा अंगणात काळे पाणी साचले होते, ती रिकामी बादली हातात धरून उभी होती, आणि गिऱ्हाईकाच्या टेबलाचा एक पाय कोळशासारखा झाला होता.

“विडी कोणी ओढली इथे?” तिने विचारले.

“कोणी नाही गं. कुलूप होतं.”

“खोक्यात काय होतं?”

“तेलाचे बोळे.”

“गोळा करून ठेवलेस?”

“मग काय इस्त्री करून ठेवू?”

तिने बादली खाली ठेवली आणि त्याला शांतपणे सांगितले. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही. ते हवा शोषत घट्ट होते, आणि तसे होताना तापते. कापड पसरलेले असेल तर ती ऊब निघून जाते. गोळा करून कोंबले तर ऊब आतल्या आत कोंडते, वाढत जाते, आणि शेवटी कापडच पेटते. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही.

दादा काळ्या पायाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “हे तू मला आधी कधी सांगितलंस?”

“रोज तारेवर पसरते ते दिसत नाही?”

“मला वाटलं तुला टापटिपीचं वेड आहे.”

तेवढ्यात दादाने मोबाइल पुढे केला. “आणि मी काय मनाने केलं नाही. हे बघ. वीस हजार गुण आहेत या माणसाकडे. वीस हजार! तुझ्याकडे किती आहेत?”

तिने ते उत्तर वाचले. खालपर्यंत वाचले, पुन्हा वाचले. त्यावर शेवटचे मत आदल्याच दिवशी पडलेले होते. म्हणजे काल कोणीतरी ते वाचून मान डोलावली होती, आणि कदाचित खोके शोधायला उठलेही होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पडदा सारून पुढच्या खोलीत आली. “एक,” ती म्हणाली.

“काय एक?”

“काल विचारलंस ना. माझ्याकडे एक गुण आहे. खातं उघडलं की देतात.”

आता या गुणांचा कारभार समजून घेतला पाहिजे. तुमचे उत्तर कोणाला आवडले की तो वरचा बाण दाबतो आणि तुम्हाला दहा गुण मिळतात. नावडले की खालचा बाण दाबतो आणि तुमचे दोन जातात. मात्र खालचा बाण दाबणाऱ्याचा स्वतःचाही एक गुण कापला जातो. गुण साठले की अधिकार मिळतात. पन्नास झाले की दुसऱ्याच्या उत्तराखाली बारीक अक्षरांत प्रतिक्रिया लिहिता येते. सव्वाशे झाले की खालचा बाण दाबता येतो. हजारांत गेलात की इतरांचे लेखन दुरुस्त करता येते, बंद करता येते, पुसून टाकता येते. उपद्रवी लोकांना आवर घालण्यासाठी ही योजना आहे, आणि ती सगळीच चुकीची आहे असे म्हणता येणार नाही. वरचा बाण मात्र पहिल्याच दिवशी, कोणालाही, कशावरही दाबता येतो. कौतुकाला पात्रता लागत नाही, शंकेला लागते.

नवख्याला फक्त उत्तर लिहिता येते, म्हणून तिने उत्तर लिहिले: ‘वरचा सल्ला पाळू नका. आमच्याकडे याच पद्धतीने आग लागली.’ ते तासाभरात पुसले गेले. शेरा असा: ‘हे उत्तर नाही. इतरांच्या उत्तरावरील मत प्रतिक्रियेत लिहावे.’ प्रतिक्रियेसाठी पन्नास गुण हवेत. मग तिने मजकूर धोकादायक असल्याची तक्रार नोंदवली. तीही फेटाळली गेली. शेरा असा: ‘तक्रारीची सोय अपशब्द व जाहिरातींसाठी आहे. उत्तर चुकीचे वाटत असल्यास खाली मत द्यावे.’ खाली मत देण्यासाठी सव्वाशे गुण हवेत.

विमा कचेरीत काम करणाऱ्या तिच्या भाचीने हे सगळे वाचले आणि कपाळाला हात लावला. “आत्या, सोड ना. आमच्या कचेरीत पण असंच असतं. तुझी आग तुलाच माहीत.”

“माझी विझली गं,” ती म्हणाली. “दुसऱ्याची विझायला सव्वाशे लागतात.”

आणि ती कामाला लागली. जेवणानंतर लाखेचा पहिला थर वाळत असतो तेवढ्या फुरसतीत, स्टुलावर बसून, अंगठ्याला पॉलिशचा रंग लागू नये म्हणून उजव्या हाताच्या मधल्या बोटाने टाइप करत, ती अनोळखी लोकांच्या टेबलखुर्च्यांची दुखणी निवारू लागली. गरम कपाचा पांढरा डाग कसा काढावा. वार्निश चिकट का राहते. जुन्या खुर्चीवर लाख आहे की वार्निश हे कसे ओळखावे. या शेवटच्या प्रश्नावर तिने घरातल्या उरल्यासुरल्या लाकडी तुकड्यांवर स्पिरिट लावून, फोटो काढून, सविस्तर उत्तर लिहिले. त्याला एक मत पडले. कोणीतरी विचारले होते की बायको म्हणते टेबल डुगडुगते, मी म्हणतो जमीन वाकडी आहे, कसे ठरवावे. त्यावर तिने चिडून एक ओळ लिहिली: ‘टेबल फिरवून ठेवा, तरीही डुगडुगले तर बायकोची माफी मागा.’ त्याला पाच मते पडली.

“म्हणजे तुझी खरी विद्या ही,” दादा म्हणाला. “उगाच लाखेत आयुष्य घालवलंस.”

सगळीच उत्तरे बरोबर होती असेही नाही. लाकडाला ठोकर लागून पोचा पडला असेल तर ओले कापड ठेवून वर इस्त्री फिरवावी, असे तिने एकदा लिहिले. ‘चिकटपट्टी’ नावाच्या सभासदाने खाली नोंदवले की वर नुसता लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असेल तर वाफेने त्याचा गोंद सुटतो. बरोबर होते. तिने उत्तरात पहिल्याच ओळीत ती सूचना घातली, त्या माणसाचे आभार मानले, आणि मग उत्तराला आणखी दोन मते आली.

“चुकलं की गुण मिळतात?” दादाने विचारले.

“चुकलं ते वर लिहिलं की मिळतात.”

पन्नास पूर्ण झाले त्या दिवशी तिने वाकस यांच्या उत्तराखाली प्रतिक्रिया लिहिली. कडवटपणा न आणता, काय घडले आणि का घडले, एवढेच. उत्तर लगेच आले: ‘मी आयुष्यभर असेच ठेवत आलो आहे. एकदाही पेटले नाही. आपले खाते नवीन दिसते.’ या उत्तराला लोकांनी पसंतीचे अंगठे दिले. तिच्या प्रतिक्रियेला कोणी काही दिले नाही. आणि आणखी चार प्रतिक्रिया जमल्यावर मंचाने ती घडी घालून ‘अजून दाखवा’ या शब्दांमागे ठेवून दिली.

ती संतापली, पण तो गडी खोटारडा आहे असे तिला वाटेना. तिने त्याची इतर उत्तरे वाचून काढली. सांध्यांविषयी, पटाशीला धार लावण्याविषयी, रंधा मारताना लाकडाच्या रेषा कशा वाचाव्यात याविषयी त्याने जे लिहिले होते ते वाचून तिने दादाला हाक मारून बोलावले. “हे बघ. असा सांधा तुला येतो का?” दादाने बघितले आणि प्रामाणिकपणे सांगितले, “नाही.” वीस हजार गुण खरोखरच मिळवलेले होते. फक्त ते सांध्यांवर मिळवलेले होते आणि तेलावर खर्च होत होते. त्या आकड्यावर लिहिलेले नसते की तो कशातून आला. माणूस बोलतो एका विषयावर आणि त्याच्या बाजूने साक्ष देतात त्याचे बाकीचे सगळे विषय.

सव्वाशेला थोडेसेच उरले होते, तेव्हा घरच्यांनी घात केला. हा शब्द तिचा नाही. ती अजूनही ‘माया केली’ असेच म्हणते.

त्या रविवारी ती एका गिऱ्हाईकाच्या घरी जुना पलंग बघायला गेली होती. इकडे जेवणे झाल्यावर भाचीने सर्वांचे मोबाइल गोळा केले. दादाचे खाते उघडले, वहिनीचे उघडले, स्वतःचे उघडले. हार्डवेअरवाले काका बिजागऱ्या द्यायला आले होते, त्यांनाही सोडले नाही. “काका, इथे दाबा. आता इथे. आता पुढचं.” काका म्हणाले, “हे कशाचं आहे गं?” भाची म्हणाली, “आत्याचं आहे.” तेवढे काकांना पुरले. चौघांनी मिळून तिच्या प्रत्येक उत्तरावर वरचा बाण दाबला. वहिनींना इतका उत्साह आला की त्यांनी माहेरी फोन लावला.

संध्याकाळी गुण पाहून ती आधी हरखली, मग एकेक उत्तर उघडून पाहू लागली. डुगडुगत्या टेबलाला आणि लाखेच्या परीक्षेला एकाच दुपारी सारखीच नवी मते पडली होती. असे कधी होत नाही. तिने काही विचारायच्या आधीच रात्र गेली, आणि सोमवारी सकाळी ते झाले जे या नोंदीच्या आरंभी लिहिले आहे. एकाच घरातल्या जोडणीवरून, एकाच दुपारी, कालच उघडलेल्या खात्यांनी एकाच व्यक्तीच्या सगळ्या लेखनावर मते दिली. यंत्राने त्याला टोळी म्हटले. गुण उलटे फिरवले, तिचे खाते गोठवले, आणि त्या दुपारच्या मतांबरोबर आधीची काही खरी मतेही संशयाच्या भरात ओढून नेली.

वहिनी फारच रागावल्या. “टोळी? हे काय बोलणं झालं, वन्सं? आम्ही काय चोरी केली? आपल्या माणसाचं कौतुक केलं.”

“वाचलंत का?” तिने विचारले.

“काय?”

“मी लिहिलंय ते. ज्याच्यावर बाण दाबलात ते.”

वहिनींनी दादाकडे पाहिले. दादाने भाचीकडे पाहिले. भाची म्हणाली, “आत्या, तू लिहिलंयस म्हणजे बरोबरच असणार ना.”

“आणि वाकसने लिहिलं तेव्हा?”

दादा उठला, टेबलाच्या त्या काळ्या पायाचा तुकडा त्याने कापून खिडकीत ठेवला होता, तो उचलून त्याने उगाच हातात फिरवला. मग म्हणाला, “म्हणजे मी दोनदा तेच केलं.”

“दोनदा,” ती म्हणाली. “पहिल्यांदा खोकं जळालं, या वेळी मी.” आणि तिने लाखेची बाटली उघडली, कारण गिऱ्हाईकाचा पलंग कोणाचे गुण गेले म्हणून थांबणार नव्हता.

तिने व्यवस्थापनाकडे रीतसर अर्ज केला. चूक आपल्या घरच्यांची आहे, ती मते रद्द झाली हे योग्यच झाले, परंतु त्याआधीची मते खरी आहेत, ती परत मिळावीत. उत्तर आले: ‘आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा वाटतो.’ पुढे काही नाही. हे वाक्य ज्याने पहिल्यांदा लिहिले त्याला कधी कोणाचे काही मोलाचे वाटले असेल, यावर विश्वास बसत नाही.

पंधरवडा संपला. तिच्या नावावर प्रतिक्रियेपुरतेही गुण नव्हते. त्या दिवशी तिने दादाला अंगणात बोलावले. “बादल्या भर,” ती म्हणाली.

अंगणाच्या मधोमध, भिंतीपासून लांब, तिने विटांवर दोन पत्र्याचे डबे ठेवले. एकात जवसाच्या तेलाचे बोळे, घट्ट गोळा केलेले. दुसऱ्यात तसेच बोळे, पण खनिज तेलाचे, जे भाजी चिरायच्या फळीला लावतात आणि जे कधी वाळतच नाही. वाकस खोटे बोलत नसतील तर त्यांच्या बोळ्यांना काय होत असेल, याचा तिने बराच विचार केला होता. दोन्ही डब्यांत तापमापकाची एकेक नळी खुपसली. दादा भरलेल्या बादल्या घेऊन पहाऱ्याला बसला. वहिनी दारातून म्हणाल्या, “आज भाऊबहीण चिंध्या शिजवतायत.”

दुपारपर्यंत खनिज तेलाचा डबा उन्हाइतकाच गरम होता. जवसाच्या डब्यातला आकडा चढत गेला, चढत गेला, आणि मग झाकणाच्या कडेने तीच धुराची बारीक रेघ निघाली. वहिनी दारातून अंगणात आल्या. “आणि दुपारी झाडताना हे मी तुमच्या खोलीत एका कोपऱ्यात लोटत असते,” त्या हळूच म्हणाल्या. दादाने पाणी ओतले.

तिने मंचावर नवा प्रश्न विचारला आणि स्वतःच त्याचे उत्तर लिहिले, कारण तेवढे नवख्यालाही करता येते: तेलाचा बोळा आपोआप पेटतो का? सोबत फोटो, आकडे, दोन्ही डबे. आणि शेवटी: घरी करून पाहू नका, पाहिलेले पुरे आहे. घरच्यांना तिने त्या दिवसापुरते मोबाइल बाजूला ठेवायला लावले. या उत्तराला मते पडायला वेळ लागला, पण जी पडली ती एकेक करून, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसांची पडली. काहींनी लिहिले की आमच्याकडेही झाले होते, कारण कळले नव्हते.

पन्नास पुन्हा झाले. तिने पुन्हा वाकस यांच्या उत्तराखाली लिहिले. या वेळी सांगितले काहीच नाही, फक्त विचारले: ‘आपण कोणते तेल वापरता?’

बरेच दिवस काही नाही. मग उत्तर आले. ‘खनिज तेल. फळ्या आणि लाटणी करतो. प्रश्न कोणत्या तेलाचा आहे हे मी बघितले नव्हते. आपले डबे पाहिले. चूक माझी.’ आणि त्यांनी आपल्या मूळ उत्तरात एक ओळ वाढवली: ‘जवसाच्या तेलासाठी हे करू नये.’

“जिंकलीस!” दादा म्हणाला.

“कुठे जिंकले? बघ.”

ती ओळ उत्तराच्या तळाशी होती. वर तोच जुना सल्ला, मग खोक्याचा फोटो, मग आणखी एक फोटो, आणि त्याखाली ती ओळ, जिथपर्यंत कोणाचा अंगठा पोचत नाही. हिरवी खूण तशीच. ती देणारा माणूस मंच सोडून केव्हाच गेला आहे. मते तशीच. तिने ती ओळ वर नेण्याची दुरुस्ती सुचवली; अधिकारवाल्यांनी ती नाकारली, शेरा असा की ‘लेखकाच्या मांडणीत अनावश्यक बदल’. वाकस यांना तिने विनंती लिहिली, परंतु चूक कबूल केल्यापासून ते मंचावर फिरकलेले नाहीत. त्यांच्या जागी आणखी कोणी असता तर तोही फिरकला नसता. गुणांनी भरलेल्या माणसाला एक चूक फार जड जाते, आणि ती सवय त्याला आपणच लावलेली असते.

परवा तिचे सव्वाशे झाले. वहिनी, दादा, भाची, सगळे स्टुलाभोवती उभे होते. तिने ते उत्तर उघडले, पहिल्या शब्दापासून शेवटच्या ओळीपर्यंत पुन्हा एकदा वाचले, आणि मग खालचा बाण दाबला. तिचा एक गुण कापला गेला. ती सव्वाशेच्या खाली आली, म्हणजे तो अधिकारही पुन्हा गेला. उत्तराच्या बाजूला तीनशेच्या वरचा आकडा एकाने कमी झाला.

“एवढ्यासाठी?” भाची म्हणाली. “वर्ष घालवलंस आत्या, आणि एक?”

“माझं एकच होतं,” ती म्हणाली. “बाकीची माझी नाहीत.” आणि ती उठून मागच्या खोलीत गेली. पडद्यापलीकडून तिचा आवाज आला, “दादा, कालचे बोळे तारेवर घातलेस का?” आणि दादा म्हणाला, “घातलेत. एकेक. वेगवेगळे. का ते विचार.”

बाकीची मते तिची नाहीत. ती तुमची आहेत.

मंचाचा एक नियम आहे. एकदा दिलेले मत मागे घेता येत नाही. ते मागे घेता येते फक्त तेव्हा, जेव्हा मत दिल्यानंतर त्या उत्तरात लेखकाने बदल केलेला असतो. वाकस यांनी तळाशी ती एक ओळ वाढवली, आणि त्या क्षणापासून वरची सगळी मते सुटी झाली आहेत. ज्याने ज्याने तिथे बाण दाबला आहे त्याला तो आज परत घेता येतो. त्यासाठी सव्वाशे गुण लागत नाहीत, पन्नास लागत नाहीत, एकही लागत नाही. वाचकहो, तुमच्यापैकी ज्यांनी ते मत दिले आहे त्यांनी तिथे जावे, उत्तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे, आणि आपले मत काढून घ्यावे. त्याआधी तुमच्या खोलीच्या कोपऱ्यात जवसाच्या तेलाचे फडके गोळा होऊन पडले असेल तर हे वाचन इथेच थांबवा, उठा, आणि ते बाहेर नेऊन पसरा.